रोलप्लेइंगच्या गटात नव्याने येणाऱ्यांसाठी

परीक्षा संपल्या की आमच्या गटात नवी माणसे येऊ लागतात. बहुतेक जण सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांत शिकणारे असतात, काही तासगाव-विट्याकडचे असतात, आणि काही जण नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेले असूनही आपल्या भाषेत काही खेळायला मिळावे म्हणून येतात. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर मराठीत लिहून खेळला जाणारा हा रोलप्लेइंगचा खेळ मी गेली काही वर्षे गेम मास्टर म्हणून चालवते. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तेच प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरे घाईघाईत, दोन ओळींत दिली जातात, ही गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ऑनलाइन गेम म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांसमोर एक तर बंदुकांचा खेळ येतो किंवा पैसे लावून खेळले जाणारे पत्ते येतात. आपल्या खेळात यांपैकी काहीच नाही. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा काही मुलांच्या पालकांनी चौकशी केली आणि ती रास्तच होती. पण आपल्याकडे कोणी काही डावाला लावत नाही, जिंकत नाही आणि हरतही नाही. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, त्या पात्राने काय केले आणि ते काय बोलले हे लिहितो, आणि भोवतालचे जग, त्यातली इतर माणसे व घटना गेम मास्टर सांभाळतो. एखादी गोष्ट साधेल की नाही अशी शंका असेल, तेव्हा फासा टाकला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या प्रकाराला आजचे रूप आले. पुढे चारच वर्षांनी, म्हणजे १९७८ मध्ये, इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा, संगणकावर अनेकांनी मिळून केवळ शब्दांत खेळायचा खेळ तयार केला. चित्र नाही, आवाज नाही, फक्त मजकूर. आपण जे करतो त्याचे नाते या दोन्हींशी आहे.

मात्र सांगलीच्या माणसाला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही, असे मला मनापासून वाटते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभे केले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या नाटकाची रीत कशी होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. लिहून ठेवलेली असत ती पदे, आणि ती सूत्रधार म्हणत असे. पदातून प्रसंग उभा राहिला की त्याला धरून पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी, स्वतःच्या शब्दांत करत. म्हणजे रामाचे काम करणाऱ्याला परशुराम नेमके काय बोलणार हे आधी पाठ नसे. त्याला ते ऐकूनच उत्तर द्यावे लागे. आपल्या खेळात सूत्रधाराच्या जागी गेम मास्टर आहे आणि भाषणे आजही आयत्या वेळीच करायची आहेत. तिथे समोरच्याचे न ऐकता आपलेच बोलत सुटणारा नट जसा प्रसंग मोडत असेल, तसाच इथे समोरच्याचे न वाचता लिहिणारा खेळाडू प्रसंग मोडतो. नव्या माणसाने पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट धरून ठेवायची असेल तर ती ही: तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर पुढच्याला काही करता आले पाहिजे.

म्हणूनच आल्याबरोबर खेळायला उतरू नये. चालू कथेचे निदान अलीकडचे प्रसंग शांतपणे वाचावेत, नियमांचे चॅनेल, म्हणजे डिस्कॉर्डवरचा त्या विषयापुरता वेगळा कप्पा, पूर्ण वाचावे, आणि कोण कसे लिहितो हे पाहावे. काही जण चार ओळी लिहितात, काही जण पानभर लिहितात. कोणाच्या लिखाणाला इतर खेळाडू चटकन उत्तर देतात आणि कोणाचे लिखाण तसेच पडून राहते, हे पाहिले तरी निम्मे शिक्षण होते. नियमांसाठी पुस्तके विकत घेण्याची गरज नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत, आणि आमचा गट त्यांचेच सोपे रूप वापरतो. कुठल्या तरी अनोळखी दुव्यावरून फुकटची पुस्तके उतरवून घेण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये.

पात्र तयार करताना नव्या माणसाचा सगळा जोर पूर्वकथेवर असतो. राज्य गेलेले, आईवडील मारले गेलेले, गुरूने दगा दिलेला, आणि आता सूड घ्यायला निघालेला एकाकी योद्धा आमच्याकडे फार वेळा येतो. त्यात वाईट काही नाही. पण ज्याचे सर्वस्व आधीच संपले आहे आणि ज्याला कोणाची गरजच नाही, अशा पात्राशी बाकीच्यांनी बोलायचे कशाला? त्यापेक्षा दहा-बारा ओळींची साधी पूर्वकथा द्यावी आणि तिच्यात तीन गोष्टी जरूर असाव्यात: या माणसाला आत्ता काय हवे आहे, कोणाची भीती वाटते, आणि कोणाशी संबंध अजून तुटलेला नाही. गेम मास्टरला याच तीन गोष्टींतून प्रसंग काढता येतात. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा तक्ता, भरताना ताकद, चपळाई, सोसण्याची शक्ती, बुद्धी, व्यवहारज्ञान आणि छाप पाडण्याची हातोटी या सहा गुणांना १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे आकडे वाटून द्यायचे असतात. सगळे जण १५ कुठे द्यायचा याचा विचार करतात. माझे सांगणे असे की ८ कुठे द्यायचा याचा विचार अधिक करावा, कारण तुमच्या पात्राला दुसऱ्याची मदत जिथे लागणार ती जागा त्या आकड्याने ठरते, आणि मदत मागणाऱ्या पात्राभोवती प्रसंग आपोआप जमतात.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. सध्या चालू असलेली आमची कथा अठराव्या शतकातल्या एका कल्पित कृष्णाकाठावर घडते. तिच्यातला प्रसंग असा होता की राणोजी नावाचा शिलेदार आणि येसू नावाची हेर हे दोघे हरिपूरच्या घाटावर, वारणा जिथे कृष्णेला मिळते तिथे, रात्री नावेची वाट पाहत थांबलेले आहेत आणि मशाल घेतलेला एक पहारेकरी त्यांच्याकडे येत आहे. राणोजी खेळणाऱ्या नव्या मुलाने पहिल्यांदा लिहिले ते असे: “मी तलवार उपसली आणि पहारेकऱ्याला एका घावात लोळवले. ते पाहून येसू घाबरली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली.”

दोनच वाक्ये आहेत, पण त्यांत त्याने तीन जणांचे निर्णय परस्पर घेऊन टाकले. घाव बसला की नाही हे फाशाने ठरायचे होते. पहारेकऱ्याचे काय झाले हे गेम मास्टरने सांगायचे होते. आणि येसू घाबरली की नाही हे तर फक्त तिला खेळणारी व्यक्तीच सांगू शकते. दुसऱ्याच्या पात्राला परस्पर हलवणे, बोलायला लावणे किंवा त्याच्या मनात काय आले हे लिहिणे हा या खेळातला सर्वांत मोठा उपमर्द आहे, आणि तो करणाऱ्याच्या बहुतेक वेळा तो लक्षातही येत नाही. मी त्याला बाजूच्या चॅनेलवर हे समजावून सांगितले, आणि थोड्या वेळाने त्याने ती पोस्ट बदलून असे लिहिले:

“राणोजीचा हात मुठीवर गेला, पण तलवार त्याने उपसली नाही. मशालीचा उजेड येसूच्या चेहऱ्यावर पडणार, एवढ्यात तो दोघांच्या मधे सरकला आणि मान न वळवता हळूच म्हणाला, ‘नाव कुणाची आहे ते ह्याला कळता कामा नये. तू बोलतेस का मी बोलू?’”

या लिखाणात कोणाच्याही पात्राला धक्का लागलेला नाही, तरी राणोजीचा स्वभाव कळतो, धोका वाढतो, आणि मुख्य म्हणजे शेवटी एक प्रश्न आहे जो दुसऱ्या खेळाडूच्या हातात पडतो. येसू खेळणाऱ्या ताईंनी लगेच उत्तर लिहिले. येसूने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, “दादा, मी सुईण हाय. पलीकडं बाई अडलीया, नाव येऊस्तवर थांबलोय.” हे येसूला आधी ठरवून दिलेले नव्हते. राणोजीने तिला बोलायची जागा दिली म्हणून ते सुचले, आणि त्या मुलाच्याही मग ते ध्यानात आले असावे, कारण तेव्हापासून त्याच्या जवळजवळ प्रत्येक पोस्टच्या शेवटी कोणासाठी तरी काहीतरी शिल्लक ठेवलेले असते.

याच प्रसंगात फाशाचेही काम पाहता आले. थाप पचते की नाही हे ठरवायला वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो आणि त्यात पात्राच्या कसबाचा आकडा मिळवावा लागतो. मध्यम अवघड गोष्टीसाठी बेरीज १५ किंवा त्याहून जास्त यावी लागते. येसूचे कसब ४ होते, म्हणजे फाशावर ११ किंवा त्याहून मोठा आकडा हवा होता आणि शक्यता निम्मी-निम्मी होती. फाशावर ७ पडले. बेरीज ११. थाप फसली. अशा वेळी नवा खेळाडू हिरमुसतो आणि पुन्हा टाकू द्या म्हणून मागे लागतो. पण फासा हरला म्हणजे प्रसंग संपला असे नसते. मी पहारेकऱ्याच्या तोंडी घातले, “मग चला, मी बी येतो संगं. एवढ्या रातीचं बाईमाणसानं एकटं जाऊ न्हाई.” ज्याला चुकवायचे तोच सोबत निघाला, आणि पुढचे कितीतरी दिवस त्या नावेतल्या प्रवासावर कथा चालली. फाशाचा निकाल मनापासून मान्य करणारा आणि अपयशातून आपले पात्र पुढे कसे वागेल याचा विचार करणारा खेळाडू मला नेहमी हवाहवासा वाटतो, मग त्याचे शुद्धलेखन कसेही असो.

आणखी एक पथ्य इथेच सांगते. सगळे प्रसंग सगळ्यांना वाचता येतात, त्यामुळे येसू हेर आहे हे तुम्हाला ठाऊक असते. तुमच्या पात्राला मात्र ते ठाऊक नसते. खेळाडूला असलेली माहिती पात्राने वापरणे याला मेटागेमिंग म्हणतात आणि त्याने रहस्याचा जीव जातो. शंका आली तर स्वतःला विचारावे, माझ्या पात्राने हे कुठे पाहिले किंवा ऐकले? उत्तर सापडले नाही तर ती गोष्ट लिहू नये.

मराठीत खेळताना एक गोष्ट अशी येते जी इंग्रजी गटांत येत नाही, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. आपल्याकडे वयाचा आणि नात्याचा मान बोलण्यातच असतो. गटात एक निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, आणि अकरावी-बारावीतली मुलेही आहेत. कथेत मात्र एखादा मुलगा सरदार असतो आणि सर त्याचे मोतद्दार असतात. अशा वेळी सरदाराने मोतद्दाराला “अरे, घोडा आण” असे म्हणायला नवा मुलगा कचरतो आणि “सर, घोडा आणता का” असे लिहून बसतो. त्याची अडचण मला समजते, पण तसे करू नये. प्रसंगाच्या आत पात्रांच्या नात्याप्रमाणे अरे-तुरे किंवा अहो-जाहो असावे, आणि प्रसंगाबाहेर, म्हणजे गप्पांच्या वेगळ्या चॅनेलवर, माणसांच्या नात्याप्रमाणे दादा, ताई, सर असावे. दोन्हींची सरमिसळ झाली की एक तर कथा मिळमिळीत होते किंवा कोणाचे तरी मन दुखावते. पात्रापात्रांमध्ये कडाक्याचे भांडण झाले असेल तर ते संपल्यावर बाहेरच्या चॅनेलवर येऊन “ताई, प्रसंग ठीक झाला ना?” एवढे विचारण्याची पद्धत आमच्याकडे आहे, आणि ती मी कधीही मोडू देत नाही.

बोलीबद्दलही माझे मत ठाम आहे. पात्राने आपल्या सांगलीकडच्या बोलीत बोलावे, जरूर बोलावे. त्याने संवादात प्राण येतो. पण बोली फक्त चोरांच्या आणि मूर्खांच्या तोंडी आणि शुद्ध भाषा फक्त शहाण्यांच्या तोंडी, अशी वाटणी कोणी करू लागला तर मी त्याला थांबवते. कोणाची जात किंवा कोणाचा पिढीजात धंदा हा विनोदाचा विषय करणेही आमच्याकडे चालत नाही. इतिहासातल्या थोर पुरुषांना आणि स्त्रियांना पात्र म्हणून घेता येत नाही. त्यांच्या काळात वावरणारी सामान्य माणसे घ्यावीत, त्यांत कथा भरपूर आहेत. लिपी देवनागरीच असावी हा नियम काहींना जाचक वाटतो, परंतु फोनवरच्या कीबोर्डमध्ये मराठी निवडता येते, बोलून टाइप करण्याचीही सोय असते, आणि थोड्याच दिवसांत हात बसतो. बोलून टाइप केलेला मजकूर पाठवण्यापूर्वी एकदा वाचावा, एवढीच विनंती आहे.

कथा सुरू होण्यापूर्वी आम्ही एक बैठक घेतो, जिला सेशन झिरो म्हणतात. तिच्यात खेळ होत नाही. कथेत काय नको हे ठरते. कोणाला लहान मुलांवरचा अत्याचार कथेत अजिबात नको असतो, कोणाला घरात नुकताच मृत्यू झाल्यामुळे अंत्यविधीचे वर्णन नको असते. काही गोष्टी पूर्ण वर्ज्य ठरतात, तर काही गोष्टी घडल्या एवढाच उल्लेख करून पुढे जायचे ठरते. कारण सांगण्याची सक्ती कोणावरही नसते आणि कारण विचारायचेही नसते. नवी माणसे या बैठकीत बहुधा गप्प बसतात, आपण नाजूक ठरू असे त्यांना वाटते. तसे मानू नये. बैठकीत बोलणे जमले नाही तर मला किंवा दुसऱ्या गेम मास्टरला वेगळा निरोप पाठवावा. प्रसंग मधेच असह्य झाला तर तसेही सांगावे, तो तिथेच थांबवला जाईल.

स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल मी थोडी कडक आहे. डिस्कॉर्डसाठी किमान वय १३ आहे, आणि १८ च्या आतल्या मुलांनी आपण काय खेळतो हे घरी सांगूनच यावे, अशी आमची अट आहे. आईवडिलांना पाहायचे असेल तर त्यांनी अवश्य येऊन वाचावे. खरे नाव, फोन नंबर, महाविद्यालय, घराचा पत्ता, घराच्या गच्चीवरून काढलेला फोटो, यांतले काहीही गटात टाकण्याची गरज नसते. कोणी खासगी निरोपातून पात्राचे नाते पुढे खेळू या असा आग्रह धरत असेल, फोटो मागत असेल किंवा “हे कोणाला सांगू नकोस” म्हणत असेल, तर तो निरोप न पुसता लगेच गेम मास्टरला दाखवावा, मग तो पाठवणारा गटातला कितीही जुना माणूस असो. फुकट नायट्रो, म्हणजे डिस्कॉर्डची पैसे भरून मिळणारी जादा सेवा, मिळवून देतो म्हणून येणारे दुवे आणि स्कॅन करायला सांगितलेले क्यूआर कोड हे खाते पळवण्याचे ठरलेले मार्ग आहेत. ओळखीच्या खात्यावरून आले तरी उघडू नयेत, कारण ते खातेच कदाचित पळवले गेलेले असते. खात्याला दुहेरी पडताळणी लावून ठेवावी. यातून पैसे गेलेच तर लाजून वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करावी.

वेळेबद्दल जपून शब्द द्यावा. आठवड्यातून दोन पोस्ट जमणार असतील तर दोनच सांगाव्यात. उत्साहात रोज लिहीन म्हणायचे आणि पंधरा दिवसांत गायब व्हायचे, याने तुमच्याबरोबरच्या तिघाचौघांची कथा अडून राहते. परीक्षा, लग्नसराई, कारखान्याचा हंगाम, आजारपण हे सगळ्यांनाच असते आणि त्याबद्दल कोणी बोल लावत नाही. फक्त रजेच्या चॅनेलवर एक ओळ टाकावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेने काय केले ते आपण पाहिले आहे. त्यामुळे पावसाळ्यापुरता आमचा वेगळा नियम आहे: सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीकडे चढू लागले की नदीकाठच्या खेळाडूंनी काही न कळवता निघून जावे. सामान वर हलवायचे असते, वीज जाते, फोनची बॅटरी घरच्यांसाठी राखायची असते. त्या काळात त्यांची पात्रे सुरक्षित ठिकाणी मुक्कामाला आहेत असे धरले जाते आणि त्यांच्यावर कोणताही प्रसंग ओढवत नाही. परत आल्यावर मधले सगळे वाचून काढण्याचीही गरज नाही. आपले पात्र कुठे आहे आणि सोबत कोण आहे एवढे गेम मास्टरला विचारावे आणि तिथून लिहायला लागावे.